बर्फाने शाळा बुडाली. इंग्रजीच्या परीक्षेचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या बर्फाच्या बातम्या आपल्या दैनिकात दर हिवाळ्यात येतात. रद्द झालेली विमानं, गाडल्या गेलेल्या गाड्या, कोसळलेल्या विजेच्या तारा. त्याच आठवड्यात इथल्या मराठी घरांत आणखी एक धांदल चाललेली असते आणि ती बातमीत येत नाही: शाळा सलग दोन-तीन दिवस बंद आणि इंग्रजीची सत्र परीक्षा तोंडावर. पुण्या-नागपूरचे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर "मग काय, मज्जा!" म्हणतात आणि मूल मान हलवतं. आम्ही न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये नववी ते बारावीला इंग्रजी शिकवतो. आपल्या ई-आवृत्तीचे बरेच वाचक आमच्यासारखेच इकडे राहतात, म्हणून हे पत्र.

बर्फाच्या सुट्टीत इंग्रजीचा ‘पोर्शन’ फारसा बुडत नाही. कादंबरीची चाळीस पानं घरी वाचून होतात. बुडते ती निबंधाची फेरी. परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत मूल वर्गात घड्याळ लावून एक निबंध लिहितं, शिक्षक शेरे मारून तो परत देतात आणि मूल त्यातला कच्चा परिच्छेद पुन्हा लिहून आणतं. एकेका शिक्षकाकडे पाच-पाच वर्ग, म्हणजे शंभराच्या वर निबंध असतात, त्यामुळे या फेरीला शाळेचे पाच-सहा दिवस सहज लागतात. मधले तीन दिवस गेले की शेवटचा टप्पा उडतो. निबंध लिहिलेला असतो, पण तपासून हातात पडलेला नसतो. मग मूल तीच चूक घेऊन परीक्षेला बसतं. मराठी पालक मात्र सांगतात, "वेळ मिळालाय तर अख्खं पुस्तक परत वाचून काढ." हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, पण त्याने मार्क वाढत नाहीत.

सुट्टीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि अभ्यासाचं गणित त्यावरच ठरतं. न्यू जर्सीत शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात आणि नेहमीच्या बर्फामुळे बंद पडलेला दिवस घरून ऑनलाइन वर्ग घेऊन त्यात धरता येत नाही. तो दिवस वसंतातल्या सुट्टीतून कापला जातो किंवा जूनच्या शेवटी जोडला जातो. जूनमध्ये मिळालेला हा दिवस जानेवारीच्या परीक्षेच्या काय कामाचा? पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या कायद्यानुसार, आधी मंजुरी घेतलेल्या शाळांना वर्षातले पाचपर्यंत दिवस घरून भरवता येतात. न्यू यॉर्क शहराने तर बर्फाची सुट्टी जवळपास मोडीतच काढली आहे, त्या दिवशी वर्ग ऑनलाइन भरतात. कागदावर ठीक आहे. पण १३ फेब्रुवारी २०२४ ला सकाळी अनेक मुलांना लॉग-इनच करता आलं नव्हतं. म्हणून ऑनलाइन दिवस हा नेहमी अर्धा दिवस धरावा. शाळा दोन तास उशिरा भरते त्या दिवसाचंही तेच. ४०-४५ मिनिटांचा पिरियड पंचवीस-तीसवर येतो. त्यात हजेरी आणि बर्फाच्या गप्पा जाऊन जे उरतं त्यात निबंध बसत नाही.

शाळा बंद झाल्याचा फोन पहाटे येतो. त्या दिवशी दुपारपर्यंत शिक्षकांना एक मेल जावी. एकच, पाच नाही. न्यू जर्सीत त्या दिवशी शिक्षकांनाही सुट्टी असते आणि तेही अंगणातला बर्फ उपसत असतात. त्या मेलमध्ये तीनच प्रश्न असावेत. कुठली प्रकरणं किंवा कुठले प्रवेश आता परीक्षेतून वगळले जाणार आहेत? निबंधाचा प्रश्न वर्गात वाचलेल्या पुस्तकावर असेल की पूर्वी न पाहिलेल्या उताऱ्यावर, आणि पुस्तक जवळ ठेवता येईल का? तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: माझा मागचा निबंध परीक्षेआधी परत मिळणार नसेल, तर त्यातला एक परिच्छेद घेऊन लंचच्या वेळात पाच मिनिटं भेटू का? शंभर निबंध तपासायला वेळ नसलेले शिक्षकही एक परिच्छेद आनंदाने बघतात. "मी काय अभ्यास करू?" या मेलला मात्र "स्टडी गाइड बघ" एवढंच उत्तर येतं, आणि ते रास्तच आहे.

आता वाचनाचं. जे वाचायचं राहिलं आहे ते सगळं सारख्याच बारकाईने वाचायची गरज नाही. नववी-दहावीचं मूल खुणा करत वाचतं तेव्हा तासाला साधारण पंचवीस पानं होतात, त्याहून जास्तीची आशा धरू नये. इथल्या शाळांत हमखास नेमलेलं नाटक घ्या, शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’. समजा, वर्ग तिसऱ्या अंकातल्या मेजवानीच्या प्रवेशापाशी थांबला आणि बर्फ पडला. उरलेल्या दोन अंकांत शब्द न् शब्द वाचावेत असे पाच तुकडे आहेत: चेटकिणी दृश्यं दाखवतात तो ४.१ (म्हणजे अंक चौथा, प्रवेश पहिला), ४.३ चा उत्तरार्ध, ज्यात मॅकडफला आपल्या बायको-मुलांच्या हत्येची बातमी कळते; लेडी मॅकबेथ झोपेत चालते तो ५.१, राणीच्या मृत्यूची वार्ता येते तो ५.५, आणि शेवटचा ५.८. माल्कम मॅकडफची परीक्षा बघतो तो ४.३ चा लांबलचक पूर्वार्ध आणि सैन्यांच्या हालचालींचे छोटे प्रवेश सारांशावर भागतात. या पाच तुकड्यांना ऑडिओ लावून पानावर बोट ठेवत वाचलं तर एका दुपारचं काम आहे. वाचताना प्रत्येक तुकड्यातून दोनच ओळी वहीत उतरवाव्यात, अंक-प्रवेशाच्या आकड्यासकट. दहा ओळी पुरेत. पंचवीस ओळी पाठ करणारी मुलं परीक्षेत त्यातल्या सहा-सात कोंबतात आणि एकीचंही स्पष्टीकरण देत नाहीत.

सारांशाच्या वेबसाइट आणि एआयच्या नोट्स यांना आमचा सरसकट विरोध नाही. सुटलेला भाग कळून घ्यायला त्या ठीक आहेत. पण त्यांतून मिळते ती कथा आणि तयार मतं. परीक्षक विचारतो की हे मत तुला पुस्तकातल्या कुठल्या शब्दावरून सुचलं. तिथे ही मुलं अडतात. शिवाय एआय कधी कधी पुस्तकात नसलेलं वाक्य अवतरण म्हणून देतं. ते शिक्षकाला पहिल्या वाचनात कळतं, आणि मग प्रश्न मार्कांपुरता राहत नाही.

खरा वेळ द्यायचा तो लिहिण्याला. तीन दिवसांच्या सुट्टीत घड्याळ लावून दोन निबंध लिहावेत, पहिल्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. मधला दिवस पहिला निबंध तपासायला लागतो. प्रत्येकाला चाळीस मिनिटं: सहा-सात मिनिटं आखणी, अठ्ठावीस-तीस लेखन, उरलेली पुन्हा वाचायला. फोन दुसऱ्या खोलीत. आखणीत पूर्ण वाक्यं नकोत. एक ठाम विधान, तीन पुरावे, प्रत्येकापुढे ‘म्हणून काय?’ चं दोन शब्दांत उत्तर. हमखास बिघडतं ते इथेच. मूल आखणी गाळून थेट प्रस्तावना लिहायला घेतं, तिच्यात बारा मिनिटं घालवतं, आणि तिसरा परिच्छेद तीन ओळींत आटोपतो. प्रस्तावना जमत नसेल तर वर पाच ओळी मोकळ्या सोडून दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करावी. परीक्षकाला लेखनाचा क्रम कळत नाही.

तपासायचं कसं? दोन रंगांचे हायलायटर घ्या. पुस्तकातून आलेलं सगळं, म्हणजे अवतरण आणि कथानक, पिवळं. मुलाचा स्वतःचा विचार, म्हणजे त्या शब्दांवरून काय दिसतं आणि का, हिरवं. पहिल्या खेपेला बहुतेक निबंध पिवळेच होतात. हिरवं निदान पिवळ्याएवढं झालं पाहिजे. उदाहरण घ्या. मूल लिहितं: "झोपेत हात धुणं दाखवतं की लेडी मॅकबेथला अपराधी वाटतं." इथे वाक्य संपतं आणि मूल पुढच्या अवतरणाकडे जातं. चूक काही नाही, पण एवढं प्रत्येकाच्याच पेपरात असतं. हीच बाई दुसऱ्या अंकात, राजाचा खून झाल्या झाल्या, रक्ताळलेल्या हातांबद्दल थोड्याशा पाण्याने हे धुऊन निघेल असं नवऱ्याला बजावत होती. ते ५.१ शेजारी ठेवलं की मुद्दा उघडतो: जो दिलासा तिने दुसऱ्याला दिला तोच तिच्यावर उलटला, आणि जागेपणी दाबलेलं झोपेत बाहेर आलं. या दोन वाक्यांनी मधल्या ग्रेडचा परिच्छेद वरच्या ग्रेडचा होतो. त्याला नवीन वाचन लागत नाही, एक ओळ मागे जाऊन बघावी लागते.

हे काम करून घ्यायला पालकाने साहित्यात एम.ए. असण्याची गरज नाही. अवतरण ऐकलं की "बरं, मग?" एवढंच विचारावं आणि दोनदा विचारावं. मुलाने उत्तर मराठीत, इंग्रजीत, धेडगुजरीत, कसंही द्यावं. तोंडी आलं की ते लगेच कागदावर उतरवावं. आजोबाही व्हिडिओ कॉलवरून हे करू शकतात. पालकांनी एक टाळावं: स्पेलिंग आणि आर्टिकल्सच्या चुका लाल पेनाने काढत बसणं. बहुतेक शाळांच्या रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यात, व्याकरणाची ओळ असते, पण ती पाच-सहा ओळींपैकी एक. बाकी मार्क विधान, पुरावा, स्पष्टीकरण आणि मांडणी यांचे. व्याकरण आणि शब्दसंग्रहाला रोज पंधरा मिनिटं पुरतात.

न्यू यॉर्क राज्यातल्या मुलांपुढे वेगळीच अडचण आहे. तिथली इंग्रजीची रीजंट्स परीक्षा राज्याची असते, जानेवारी, जून आणि ऑगस्टमध्ये. शाळा बुडाली म्हणून कुठल्या मुख्याध्यापकाला ती आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. तीन तास, तीन भाग. पहिल्यात उतारे आणि २४ बहुपर्यायी प्रश्न. दुसऱ्यात एका वादाच्या विषयावर चार मजकूर देतात, त्यांतल्या किमान तिघांचा आधार घेऊन बाजू मांडायची. तिसऱ्यात एकच उतारा. त्याची मध्यवर्ती कल्पना आणि ती उलगडणारं लेखकाचं एक तंत्र दोन-तीन परिच्छेदांत सांगायचं. वजनी हिशेब केला तर ५६ पैकी २४ गुण पहिल्या भागाचे, २४ दुसऱ्याचे आणि ८ तिसऱ्याचे. म्हणजे दुसऱ्या भागातला तो एक निबंध २४ प्रश्नांच्या तोलाचा आहे. तरी मुलं सुट्टीत जुन्या पेपरांतले बहुपर्यायी प्रश्नच सोडवत बसतात, कारण उत्तरपत्रिका जुळवली की लगेच समाधान मिळतं.

दुसऱ्या भागात मार्क तीन ठिकाणी जातात. चार मजकुरांचे चार सारांश लिहिले जातात आणि स्वतःची बाजू शेवटच्या ओळीत उगवते. विरुद्ध मताला उत्तर देणं प्रश्नातच सांगितलेलं असतं, ते विसरतं. आणि कुठला मजकूर, कितवी ओळ हे लिहायचं राहतं. उपाय सोपा आहे: मजकूर वाचतानाच समासात ‘बाजूने’ किंवा ‘विरुद्ध’ अशी खूण करावी, आणि लिहायला घेण्याआधी विरुद्धचा एक मुद्दा व त्याचं उत्तर आखणीत टाकूनच पुढे जावं. तिसऱ्या भागात तंत्राचं नाव घेऊन थांबण्याचा रोग आहे. "लेखकाने प्रतिमा वापरल्या" हे ओळखणं झालं. कुठली प्रतिमा आणि तिने मध्यवर्ती कल्पना कशी पुढे नेली हे लिहिल्याशिवाय ते उत्तर होत नाही. मागच्या वर्षांचे पेपर, नमुना उत्तरं आणि त्यांना गुण का मिळाले याचं विवेचन राज्याचं शिक्षण खातं आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतं. सहापैकी तीन गुणांचं आणि पाच गुणांचं अशी दोन नमुना उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत. अर्ध्या तासाचं हे काम खाजगी शिकवणीच्या दोन तासांहून उपयोगी पडतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एपी इंग्रजीवाल्यांना (एपी म्हणजे शाळेतच घेतला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) मेपर्यंत वेळ असतो, पण ती तारीखही देशभर ठरलेली असते, बर्फासाठी थांबत नाही. भाषेच्या पेपरात एका तासात ४५ प्रश्न (४५ टक्के) आणि सव्वादोन तासांत तीन निबंध (५५ टक्के), प्रत्येक सहा गुणांचा. २०२५ पासून ही परीक्षा संगणकावर, ब्लूबुक ॲपमध्ये होते. तेव्हा सरावही टाइप करूनच हवा. जिथे पेनाने लिहायचं आहे तिथे उलट. एरवी सगळं टाइप करणाऱ्या मुलांचा हात दुसऱ्या पानावर दुखायला लागतो आणि अक्षर लागेनासं होतं. सरावाच्या दोन निबंधांपैकी निदान एक पेनाने लिहावा.

वर्षाच्या मध्यात भारतातून येऊन नववी-दहावीत दाखल झालेल्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्र बोर्डाच्या शाळेतून आलेलं मूल इंग्रजीत कच्चं असतंच असं नाही. व्याकरणात ते अनेकदा इथल्या वर्गमित्रांच्या पुढे असतं. त्याची सवय पाठ्यपुस्तकातला धडा आणि त्याखालचे प्रश्न ही असते. इथे धडा अनोळखी आणि मत स्वतःचं मागतात. अशा मुलाने सुट्टीत पुस्तक बाजूला ठेवून रोज एका छोट्या लेखावर एक परिच्छेद लिहावा. इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून शाळेने त्याची नोंद केली असेल तर रीजंट्समध्ये जादा वेळ आणि द्विभाषिक शब्दकोश मिळू शकतो, पण शब्दाला फक्त प्रतिशब्द देणाराच कोश चालतो, अर्थ समजावणारा नाही. घरातला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश बहुधा नाकारला जाईल. कोणता चालेल हे शाळेला आधीच विचारावं आणि सराव त्याच कोशाने करावा, नाहीतर परीक्षेत पानं उलटण्यातच वेळ जातो.

वीज जाते हे गृहीत धरा. वादळाच्या आदल्या रात्री लॅपटॉप आणि पॉवर बँक चार्ज, शाळेच्या ऑनलाइन क्लासरूममधलं स्टडी गाइड, रुब्रिक आणि मागचे निबंध डाउनलोड, शक्य तेवढं छापून. पुस्तक शाळेच्या लॉकरमध्ये राहिलेलं असतं, ही दरवर्षीची रड. अंदाज दिसला की पुस्तक दप्तरात.

इथल्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मराठी शाळेचे रविवार याच आठवड्यांत येतात. त्यातला एक शनिवार मोठ्या मुलांना द्या. सार्वजनिक वाचनालयातली खोली बहुतेक गावांत फुकट मिळते. चाळीस मिनिटं लिहायचं, वीस मिनिटं एकमेकांचे निबंध दोन रंगांनी रंगवायचे, वीस मिनिटं सर्वांत हिरवा परिच्छेद मोठ्याने वाचून त्यावर बोलायचं. शिक्षक नसले तरी चालतं, रुब्रिकची प्रत आणि घड्याळ सांभाळणारा एक जण पुरतो. बर्फाने बुडालेली तपासणीची फेरी अशी थोडी तरी भरून निघते.

परीक्षेच्या आठवड्यातच बर्फ पडला तर काय, हे आधी विचारून ठेवा. काही शाळांत त्या दिवशीचे पेपर दुसऱ्या दिवशी होतात आणि पुढचं सगळं वेळापत्रक एकेक दिवस सरकतं; काही ठिकाणी बाकीचं तसंच राहून बुडालेला पेपर शेवटच्या राखीव दिवशी जातो. हे माहीत नसल्याने मुलं इंग्रजीची तयारी करून येतात आणि समोर रसायनशास्त्र असतं. रीजंट्सची सकाळची वेळ सव्वानऊ आणि दहानंतर प्रवेश नाही, दुपारची सव्वा आणि दोननंतर नाही. रस्ते साफ व्हायचे असतील तर बसवर विसंबू नका, अर्धा तास आधी निघा, आणि दप्तरात काळ्या किंवा निळ्या शाईची दोन पेनं ठेवा.

आपले,
न्यू जर्सी व न्यू यॉर्क राज्यांत इंग्रजी शिकवणारे काही मराठी शिक्षक